साडेअकरा पौंड महिना : १९१३ च्या बडोदा शिष्यवृत्तीचं प्रकरण

४ जून १९१३ ला बडोद्यात, संस्थानच्या शिक्षण खात्याच्या उपमंत्र्यांसमोर, बावीस वर्षांच्या एका पदवीधराने करारपत्रावर सही केली. करार असा होता : १५ जून १९१३ ते १४ जून १९१६, बरोबर तीन वर्षं, महिन्याला साडेअकरा पौंड मिळतील. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ठरलेल्या विषयांचाच अभ्यास करायचा. शिक्षण संपलं की बडोदा संस्थानची दहा वर्षं नोकरी करायची. सही होती भीमराव रामजी आंबेडकर यांची.

बाबासाहेबांचं चरित्र आपल्याकडे घराघरांत माहीत आहे. तरीही हे प्रकरण मी इथे वेगळ्या अंगाने मांडतो आहे. परदेशी शिष्यवृत्तीचे फॉर्म भरताना अडलेली मुलं माझ्याकडे येतात. उत्पन्नाचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, विद्यापीठाचं ऑफर लेटर, शिफारसपत्रं, हमीपत्र, जामीनदार असा कागदांचा डोंगर त्यांच्यासमोर असतो. त्यांना वाटतं, निवड यादीत नाव आलं की काम झालं. अशा वेळी मी त्यांना १९१३ ची ही फाइल उलगडून दाखवतो. अर्ज, शिफारस, मुलाखत, भत्ता, मुदत, बाँड, परतणं, सगळं काही त्यात आहे. आणि शिष्यवृत्ती देणारा माणूस मनापासून चांगला असूनही कुठे काय तुटू शकतं, तेही आहे.

अर्जाच्या आधीची सहा वर्षं

अर्ज १९१३ चा असला तरी प्रकरण सुरू होतं १९०७ मध्ये. त्या वर्षी भीमराव मॅट्रिक झाले. परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहणाऱ्या महार कुटुंबातला मुलगा मॅट्रिक होणं ही तेव्हा जाहीर सभा घेण्याजोगी गोष्ट होती, आणि सभा झालीही. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुस्करांनी स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र त्यांना भेट दिलं. केळुस्कर गुरुजी शिक्षक होते. चर्नी रोडच्या बागेत रोज वाचत बसणारा हा मुलगा त्यांनी आधीच हेरून ठेवला होता.

शिफारस म्हणजे काय, हे मला इथे कळतं. आमच्या मुलांना शिफारसपत्र म्हणजे शेवटच्या आठवड्यात विभागप्रमुखांकडून सही करून आणायचा कागद वाटतो. पत्र मुलानेच लिहायचं आणि सरांनी सही ठोकायची, असंही सर्रास चालतं. केळुस्करांनी या मुलाला वर्षानुवर्षं वाचताना पाहिलं होतं, त्याला पुस्तकं दिली होती. एल्फिन्स्टन कॉलेजात इंटरनंतर पैसे संपले तेव्हा ते स्वतः उठले आणि त्याला सयाजीराव गायकवाडांकडे घेऊन गेले. अस्पृश्य विद्यार्थ्याच्या उच्च शिक्षणाला मदत करण्याची तयारी महाराजांनी मुंबईत बोलून दाखवली होती. त्या शब्दाची आठवण ठेवून योग्य मुलगा त्यांच्यासमोर उभा करणं, हे केळुस्करांचं खरं काम. महाराजांनी प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचं समाधान झालं आणि दरमहा २५ रुपये सुरू झाले. त्या पैशांवर १९१२ मध्ये बी.ए. झालं.

म्हणजे अमेरिकेचा विषय निघाला तेव्हा बडोद्याच्या दफ्तरात हा विद्यार्थी अनोळखी नव्हता. आधी घेतलेल्या छोट्या रकमेचं त्याने काय केलं, हे दिसत होतं. मी मुलांना सांगतो की जिल्ह्यातली, गावातली, ट्रस्टची छोटी शिष्यवृत्ती कमी समजू नका. मोठ्या अर्जाचा पहिला पुरावा तीच असते.

जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. पंधराएक दिवस झाले असतील, तोच वडील आजारी असल्याची तार आली. परतताना वडिलांसाठी मिठाई घ्यायला ते सुरतेला उतरले आणि गाडी चुकली. घरी पोहोचले तेव्हा सुभेदार रामजी शेवटच्या घटका मोजत होते. २ फेब्रुवारी १९१३ ला ते गेले. ज्या माणसाने पोराच्या पुस्तकांसाठी कर्ज काढलं, पहाटे उठवून अभ्यासाला बसवलं, त्याला पुढचं काहीच पाहता आलं नाही. अर्जातल्या मुदती घरातलं मरण पाहून थांबत नाहीत. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी कितीतरी जण अशाच एखाद्या वर्षात फॉर्म भरत असतात.

मुलाखतीतली तीन उत्तरं

कोलंबियाला चार विद्यार्थी पाठवावेत, असं महाराजांच्या मनात होतं. ते मुंबईत असताना भीमराव त्यांना भेटले. चरित्रांतून जी हकीकत येते ती अशी : महाराजांनी विचारलं, कोणत्या विषयांचा अभ्यास करणार? उत्तर आलं, समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि विशेषतः सार्वजनिक वित्तव्यवस्था. त्याचं पुढे काय करणार? आपल्या समाजाची स्थिती सुधारण्याचे मार्ग त्यातून सापडतील. मग महाराजांनी नेमका अडचणीचा प्रश्न टाकला. आमची नोकरी, अभ्यास आणि समाजसेवा, हे सगळं एकदम कसं जमवणार? संधी दिलीत तर सगळं जमवेन, असं ते म्हणाले.

ही तीन उत्तरं मी मुलांसमोर कितीदा वाचली असतील, त्याची मोजदाद नाही. पहिल्या उत्तरात मोघमपणा नावालाही नाही. अर्थशास्त्र म्हणून ते थांबले नाहीत, त्यातली शाखाही सांगितली. सरकारचा पैसा कुठून येतो, कुणाकडून घेतला जातो, कुणावर खर्च होतो, हे ज्याला समजून घ्यायचं आहे त्यानेच ती शाखा निवडावी. दुसऱ्या उत्तरात त्यांनी आपला हेतू झाकला नाही. देणारा राजा होता, त्याला संस्थानासाठी अधिकारी हवे होते. ‘संस्थानची सेवा करीन’ एवढं म्हणून भागलं असतं. पण त्यांनी आपला समाज आधी उच्चारला, आणि तरीही निवड झाली. समोरच्याला काय ऐकायचं आहे त्याचा अंदाज बांधत निबंध लिहिणाऱ्या मुलांना हे पटवणं फार अवघड जातं. निवड मंडळावरची माणसं दिवसभर तीच गुळगुळीत वाक्यं वाचत असतात. ज्या अर्जात माणूस कशासाठी तळमळतो आहे ते दिसतं, त्या अर्जापाशी ती थांबतात.

तिसऱ्या उत्तराबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. ‘सगळं जमवेन’ हे बावीस वर्षांच्या मुलाचं उत्तर आहे, आणि अडचण नेमकी त्या प्रश्नाच्याच जागी पुढे उभी राहिली. पण ती उभी केली कुणी, हे खाली येईलच.

साडेअकरा पौंडांचा हिशेब

तेव्हा एक पौंड म्हणजे पंधरा रुपये. साडेअकरा पौंड म्हणजे महिना सुमारे पावणेदोनशे रुपये. मुंबईतल्या २५ रुपयांच्या जवळजवळ सातपट. पण खर्च न्यूयॉर्कमध्ये होता, आणि तिथे त्याचे छप्पन्न डॉलर होत. त्यातूनच मुंबईत रमाबाईंना पैसे पाठवायचे होते. आमच्याकडच्या किती मुलांच्या भत्त्यातून घरचा किराणा, भावाची फी, आईचं औषध निघतं, हे कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. शिष्यवृत्तीचा भत्ता एका माणसाचा धरलेला असतो. खाणारी तोंडं मात्र पाच-सहा असतात.

पंधरा रुपयांचा तो दर सरकारने ठरवून टिकवलेला होता. रुपयाची किंमत एक शिलिंग चार पेन्स. याच दराच्या पोटात शिरून पुढे लंडनला त्यांनी डी.एस्सी.चा प्रबंध लिहिला. ज्या दराने आपली शिष्यवृत्ती मोजली गेली, तो दर कुणाच्या फायद्याचा आहे असा प्रश्न विचारणारा विद्यार्थी मला फार मोठा वाटतो.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. आधी विद्यापीठाच्या हार्टले हॉलमध्ये, मग कॉस्मोपॉलिटन क्लबात, शेवटी लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये. तिथे नवल भथेना हा पारशी मित्र खोलीत सोबतीला होता. त्याचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. तीन वर्षांत त्यांनी किती विषय घेतले याची नोंद आहे : अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि फ्रेंच व जर्मनचा प्रत्येकी एक. एकूण ६०. सेलिग्मन, जॉन ड्युई, गिडिंग्ज, शॉटवेल, गोल्डनवायझर असे शिक्षक होते. १९१५ मध्ये प्राचीन भारतीय व्यापारावरच्या प्रबंधावर एम.ए. झालं. ९ मे १९१६ ला गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला. त्याच वर्षी भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नावरचा प्रबंध पूर्ण केला.

१५ जून ते १४ जून असं कॅलेंडर लावलेल्या विद्यार्थ्याचा हा वेग आहे. अमेरिकेतल्या गमतीजमती त्याच्यासाठी नव्हत्या. जेवणावरचे पैसे वाचवून जुनी पुस्तकं घेणं, एवढीच चैन.

मुदत आणि पदवी यांचं जमत नाही

प्रकरणातला हा भाग आजच्या विद्यार्थ्याने सगळ्यात सावकाश वाचावा. शिष्यवृत्तीची मुदत आणि पदवीचा कालावधी ही दोन वेगळी घड्याळं आहेत. १४ जून १९१६ ला पहिलं घड्याळ थांबलं. पीएच.डी.चं चालूच होतं, कारण कोलंबियाच्या नियमाने प्रबंध छापून त्याच्या प्रती दिल्याशिवाय पदवी मिळत नसे. छपाईला पैसे कुठून आणायचे? भारतातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये लंडनला छापला गेला आणि पीएच.डी.ची पदवी रीतसर हाती पडली ती १९२७ मध्ये. १९१६ चा राष्ट्रीय उत्पन्नावरचा प्रबंध पूर्ण झाल्यापासून अकरा वर्षांनी.

दरम्यान त्यांनी महाराजांकडे मुदतवाढ मागितली आणि लंडन गाठलं. सेलिग्मन यांनी लंडनच्या प्रो. फॉक्सवेल यांना त्यांच्यासाठी पत्र लिहिलं. ऑक्टोबर १९१६ मध्ये ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी नावं दाखल झाली. पण ही वाढीव मुदतही संपली, दिवाण मनुभाई मेहता यांचा परत येण्याचा हुकूम आला. तेव्हा प्रो. एडविन कॅनन यांच्या मदतीने त्यांनी एक मोलाची गोष्ट करून ठेवली. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करता येईल, अशी विद्यापीठाची परवानगी मिळवली. निघायची घाई, हातात पैसा नाही, पहिलं महायुद्ध चाललेलं. अशा वेळी कुणीही नशिबाला दोष देत जहाजात बसला असता. त्यांनी दार उघडं असल्याचा कागद घेतला आणि मगच निघाले. माझ्याकडच्या ज्या मुलांची निवड एका वर्षी हुकते, त्यांना मी पहिली गोष्ट हीच सांगतो. विद्यापीठाला लिहा, प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलून मागा, आणि मिळालं तर लेखी घ्या.

२१ ऑगस्ट १९१७ ला ते मुंबईला उतरले. पुस्तकं दुसऱ्या जहाजाने निघाली होती. ते जहाज टॉर्पेडोने बुडवलं.

दुसरा अर्ज

कराराप्रमाणे सप्टेंबर १९१७ मध्ये ते बडोद्याला हजर झाले. महाराजांचे लष्करी सचिव म्हणून नेमणूक झाली. पुढेमागे त्यांना अर्थमंत्री करावं, असा महाराजांचा विचार होता. शिष्यवृत्ती देणाऱ्याने पैसा दिला, परदेशी पाठवलं, परत आल्यावर पदही दिलं. एवढं किती योजनांत होतं?

राहायला मात्र जागा नव्हती. हिंदूंच्या खाणावळीत, हॉटेलात अस्पृश्याला प्रवेश नव्हता. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून ते राहिले. वरच्या मजल्यावर अंधाऱ्या खोलीत, एकटे. कचेरीत शिपाई लांबून फायली टाकत. प्यायला पाणी मिळायची पंचाईत. त्यांनी सरकारी बंगल्यासाठी अर्ज केला. त्याचं पुढे काय झालं ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे : त्यांना जेवढी निकड होती तेवढी दिवाणांना वाटली नाही, आणि अर्ज या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडे फिरत राहिला.

अकराव्या दिवशी सकाळी लाठ्या घेतलेले डझनभर पारशी धर्मशाळेच्या जिन्यावर उभे राहिले. तू कोण आहेस, आमची जागा बाटवलीस, संध्याकाळपर्यंत निघ. भीमराव एका हिंदू मित्राकडे गेले, मग एका ख्रिस्ती मित्राकडे. दोघांनीही आपापल्या परीने नाही म्हटलं. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. तोवरचा वेळ त्यांनी कमाटी बागेत काढला. आज तिला सयाजी बाग म्हणतात.

केळुस्कर गुरुजींनी त्यानंतरही धडपड केली. बडोद्यातल्या एका प्राध्यापकाच्या घरी सोय करून पाहिली. भीमराव निघालेही, पण घरच्यांची तयारी नसल्याचा निरोप बडोद्याच्या स्टेशनवरच मिळाला आणि तिथूनच ते माघारी फिरले.

मी याला या प्रकरणातला दुसरा अर्ज म्हणतो. पहिला अर्ज मोठा होता. तीन वर्षं, साडेअकरा पौंड महिना, समुद्रापलीकडचं विद्यापीठ. तो एका भेटीत मार्गी लागला, कारण देणारा समोर बसला होता आणि त्याच्या हातात अधिकार होता. दुसरा अर्ज चार भिंतींचा, दोन खोल्यांचा. त्यावर निर्णय घ्यायला कुणाला राजा असण्याची गरज नव्हती, आणि तोच टेबलाटेबलावर फिरत राहिला. महाराजांना कोलंबियाची फी भरता आली, पण आपल्या राजधानीत या माणसाला एक खोली मिळवून देता आली नाही. सयाजीरावांबद्दल मला नितांत आदर आहे. त्यांच्याशिवाय हे प्रकरण सुरूच झालं नसतं. पण योजना आखणाऱ्याने परतण्याच्या गावाकडेही पाहायला हवं होतं, हे माझं ठाम मत आहे. दहा वर्षांचा करार दोन आठवड्यांच्या आत निरर्थक झाला, आणि त्यात करार करणाऱ्या विद्यार्थ्याची तसूभरही चूक नव्हती. ‘सगळं कसं जमवणार’ हा प्रश्न महाराजांनी भीमरावांना विचारला होता. तो बडोद्याच्या कचेरीलाही विचारायला हवा होता.

चार वर्षांच्या आत

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली, पगार ४५० रुपये. काटकसरीने पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी हातभार लावला आणि नवल भथेनाने पाच हजार रुपये उसने दिले. जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. कॅनन यांच्याकडून मिळवलेल्या परवानगीची मुदत संपायला तेव्हा सव्वा वर्ष उरलं होतं. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टरी, १९२३ मध्ये डी.एस्सी. या फेरीला कुठलीच स्पर्धा नव्हती, निवड यादी नव्हती, बाँड नव्हता. बचत, एक राजा आणि एक खोलीमित्र, एवढ्यावर ती झाली.

१९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाल्यावर त्यांनी दलितांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन सरकारला दिलं. त्यात शिक्षणाचा, परदेशी शिक्षणाचाही मुद्दा होता. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी वर्षाला तीन लाख रुपये मंजूर झाले आणि त्यातून काही मुलं इंग्लंड-अमेरिकेला गेली. स्वतंत्र भारतात १९५४-५५ पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती सुरू झाली. महाराष्ट्र सरकारच्या योजनेला राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे.

केंद्राच्या योजनेत सव्वाशे जागा आहेत. पदवीला ६० टक्के, वय ३५ च्या आत, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत. २०२५-२६ साठी १०६ जणांची निवड झाली, पण सुरुवातीला पत्रं गेली ४० जणांनाच. बाकीच्यांना निधी उपलब्ध झाल्यावर, असं सांगण्यात आलं. ऑफर लेटर हातात, सप्टेंबर तोंडावर आणि निधीची वाट. ज्या घरातून पहिल्यांदाच कुणी पासपोर्ट काढलेला असतो, त्या घरात असे आठवडे कसे जातात ते मी जवळून पाहिलं आहे.

२०२२-२३ च्या नियमावलीत आणखी एक कलम आलं : भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास किंवा भारताविषयीचा सामाजिक अभ्यास असे विषय या शिष्यवृत्तीत बसणार नाहीत. ते वाचलं तेव्हा मी पुन्हा १९१३ ची फाइल उघडली. प्राचीन भारतीय व्यापार, भारताचं राष्ट्रीय उत्पन्न, भारतातल्या जाती, प्रांतिक अर्थव्यवस्था, रुपयाचा प्रश्न. बडोद्याच्या पैशांवर आणि नंतर स्वतःच्या पैशांवर त्यांनी परदेशात बसून जे जे लिहिलं, ते सगळं भारताबद्दल होतं. लांब गेल्यामुळे, दुसऱ्यांची शास्त्रं हाती आल्यामुळे त्यांना इथलं स्पष्ट दिसलं. हे कलम काढून टाकावं असं मला वाटतं.

मराठवाड्यातली एक मुलगी यंदा माझ्याकडे आली होती. तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. तिला उचल, मजुरी आणि कर्ज यांच्या अर्थशास्त्रावर काम करायचं आहे. कलम वाचून ती गप्प झाली, मग म्हणाली, ‘‘सर, शीर्षकातून ऊसतोड काढून टाकू का?’’ मी तिला त्या भेटीतली तीन उत्तरं वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा मेसेज आला. शीर्षक तसंच ठेवलं होतं, आणि रात्रभर जागून अशा दोन शिष्यवृत्त्या शोधल्या होत्या, जिथे हे कलम नाही. त्यातल्या एकीची शेवटची तारीख नऊ दिवसांवर होती.